दोरी, जुनी

चित्र आलं तेव्हा एकाच थरात होतं.
खाडी, गाळ, तिवरं, पोरगी,
तिच्या हातातली सुतळी, सुतळीला बांधलेली चिंबोरी,
पायाच्या नखात अडकलेला थोडा उजेड,
सगळं एकमेकांत भिनलेलं,
कालवणात आंबट कुठलं नि तिखट कुठलं
ते वेगळं काढता येऊ नये तसं.

मला ते वेगळं काढायचे पैसे मिळतात.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
खाली बेअरिंगचा कारखाना, वर आमची तीन टेबलं.
पुस्तक नौपाड्यातल्या प्रकाशकाचं, मुलांचं.
चित्र चेंदणी कोळीवाड्यातल्या हेमांगी नाखवांचं.
आणि यादी कुलथ्यांची, जे विक्री बघतात:
बसच्या पाठीवर एक, नाक्यावर एक आडवं,
फोनसाठी चौकोनी, दुकानात उभं राहील असं एक,
एक खूणपट्टी. कपावर जमलं तर बघा.

चित्र उभं. नाका आडवा.
म्हणजे डावीकडे दहा फूट खाडी मला करावी लागली,
जी बाईंनी कधी काढलीच नव्हती.
उजवीकडचा गाळ उचलला, उलटा केला, डावीकडे लिंपला.
घरी जाऊन हात धुतले, उगाच.

खूणपट्टीत फक्त पोरगी मावली,
कपावर फक्त चिंबोरी.
चौकोनात दोघी बसल्या, पण खाडी गेली,
कशावर उभ्या आहेत तेच कळेना.

मग कुलथे म्हणाले, सुतळी काढा.
शाळा घेतात आपलं पुस्तक,
मुका जीव बांधलेला बरा नाही दिसत.
काढली. अर्धा तास लागला.
सुतळीखाली काय होतं ते चित्रात नव्हतं,
तेही मीच भरलं: थोडं पाणी, परकराची एक दुमड.
आता चिंबोरी मोकळी,
पाळल्यासारखी पोरीच्या बाजूने चाललेली.
पोरीची मूठ मात्र मिटलेलीच.

नमुने बघायला नाखवाबाई स्वतः आल्या,
चष्मा कपाळावर, पिशवीत सोललेली कोलंबी,
ती आधी आमच्या पाणी गार करायच्या यंत्राजवळ ठेवली.
पडद्यासमोर बराच वेळ उभ्या.
मला वाटलं, मुठीवर बोलतील.
बोट ठेवलं गाळावर. माझ्या गाळावर.
"हे बीळ तीनदा आलंय.
एकच बीळ तीन ठिकाणी कुठली चिंबोरी खणते?"
मी दोन बिळं बुजवली.
जाता जाता, दारातून:
"दोरी काढलीत तर हात उघडायला हवा.
देते काढून. हाताचे वेगळे पैसे."

कुलथे फोनवर हसले.
राहू द्या हो, झाकली मूठ सव्वा लाखाची.

मंगळवारी तीन हात नाक्यावर फ्लेक्स चढला.
वारा अडू नये म्हणून लावणाऱ्याने त्यात चंद्रकोरी कापल्या,
एक नेमकी मनगटाशी.
सिग्नलला माझ्या शेजारच्या रिक्षात
गणवेशातला एक मुलगा आईला विचारत होता,
तिच्या मुठीत काय आहे?
आई म्हणाली, असेल पुस्तकात.

आहे. पान अकरा.
तिथे मी हात लावलेला नाही.
कुलथ्यांना हे सांगितलं असतं
तर त्यांनी तो प्रश्नच मोठ्या अक्षरांत छापला असता.
सांगितलं नाही.

फाइल अजून माझ्याकडे आहे.
थरांच्या ढिगात एकाचं नाव 'दोरी, जुनी',
त्याच्यापुढचा डोळा मिटलेला.
कधी उशीर झाला, खालची यंत्रं थांबली,
की मी तो उघडतो.
सुतळी ताणली जाते.
चालती चिंबोरी जागीच थबकते,
आणि पोरीच्या मुठीला एकदम
धरायला काहीतरी मिळतं.